पीसीओएस असलं की इम्युनिटी कमी होते का?

कोविडच्या काळात 'इम्युनिटी' हा शब्द घराघरात शिरला आणि मग गेलाच नाही. तो चहाच्या पाकिटावर आहे, च्यवनप्राशाच्या डब्यावर आहे, मुलांच्या बिस्किटांवरही आहे. आता तो पीसीओएसलाही, म्हणजे पाळी आणि ओव्हरीच्या त्या तक्रारीलाही (तिलाच पीसीओडीही म्हणतात), येऊन चिकटला आहे. 'पीसीओडीमुळे तुमची प्रतिकारशक्ती खालावते, म्हणून थकवा येतो, म्हणून पाळी चुकते, म्हणून हे चूर्ण घ्या' अशा धाटणीचे व्हिडिओ मोबाइलवर एकामागून एक येत राहतात. पाळीची तक्रार घेऊन गेलेली मुलगी सोनोग्राफीचा कागद हातात घेऊन घरी येते आणि रात्री हे सगळं बघत बसून आणखी घाबरते.

पीसीओएसचा आणि शरीराच्या संरक्षण यंत्रणेचा संबंध आहे, हे खरं. त्यावर गेली पंचवीसेक वर्षं गंभीरपणे संशोधन चालू आहे. पण व्हिडिओत सांगतात तसा तो नाही, जवळजवळ उलटा आहे. आतापर्यंतचा बहुतेक पुरावा सांगतो की ही यंत्रणा गरज नसतानाही थोडी थोडी चालू राहते. ती दुबळी पडते असं म्हणायला फारसा आधार नाही. एवढं कळलं तरी चूर्णाचे पैसे वाचतील, आणि ज्या दोन-तीन तपासण्या खरंच व्हायला हव्यात पण बऱ्याचदा राहून जातात, त्यांच्याकडे लक्ष जाईल.

## आधी पीसीओएस समजून घेऊ

१९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात बायकांची माहिती प्रसिद्ध केली. पाळी अनियमित किंवा बंद, मूल होत नाही, काहींच्या अंगावर नको तिथे केस, आणि आकाराने मोठ्या झालेल्या ओव्हरी. आज दवाखान्यात ज्याला पीसीओडी किंवा पीसीओएस म्हणतात, त्याची ही पहिली नीट नोंद मानली जाते.

ओव्हरीत म्हणजे अंडाशयात दर महिन्याला बीजाच्या अनेक बारीक पिशव्या वाढू लागतात. त्यातली एक बाकीच्यांना मागे टाकून पुढे जाते, फुटते आणि बीज बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये या पिशव्या अर्ध्या वाटेवर थांबतात. सोनोग्राफीत माळेसारखे दिसणारे काळे ठिपके म्हणजे याच थांबलेल्या पिशव्या. 'ओव्हरीत गाठी आहेत' असं सांगितल्यावर घरातल्या मोठ्यांचा चेहरा पडतो, पण ऑपरेशन करून काढायच्या गाठी या नव्हेत.

निदानाची आज सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत २००३ साली रॉटरडॅमच्या बैठकीत ठरली. तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात: पाळी अनियमित, म्हणजे बीज वेळेवर न सुटणं, अँड्रोजन, म्हणजे ज्यांना आपण पुरुषी हार्मोन म्हणतो ती, जास्त असणं, आणि सोनोग्राफीत तसं चित्र दिसणं. हनुवटीवर राठ केस, जिद्दी मुरुमं, भांगातले केस विरळ होणं ही अँड्रोजनची बाहेरून दिसणारी खूण. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने प्रौढ स्त्रियांसाठी सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्ततपासणीही चालेल असं सांगितलं. त्याच मार्गदर्शिकेत एक महत्त्वाची सूचना आहे, जिच्याकडे आपल्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. पहिली पाळी येऊन आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून निदान करू नये, कारण त्या वयात निरोगी मुलींच्या ओव्हरीही तशाच दिसू शकतात. दहावीतल्या मुलीवर नुसत्या सोनोग्राफीच्या जोरावर पीसीओडीचा शिक्का बसला असेल, तर दुसरं मत घ्यायला काहीच हरकत नाही.

किती जणींना असतो? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासात १८ ते ४० वयाच्या ९,८२४ स्त्रिया होत्या आणि तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. रॉटरडॅमच्या निकषांनी त्यात १९.६ टक्के जणींना पीसीओएस निघाला. जुन्या, कडक निकषांनी ७.२ टक्के. दरवाजा किती उघडा ठेवता त्यावर आकडा ठरतो. तरीही कमीत कमी आकडा धरला तर साधारण चौदा जणींत एक.

## ओव्हरीच्या दुखण्यात इन्सुलिन कुठून आलं?

इन्सुलिन म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणारं हार्मोन. पीसीओएस असलेल्या बऱ्याच जणींच्या पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. साखर आटोक्यात राहते, रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि रक्तात इन्सुलिन मात्र चढलेलं राहतं.

गंमत अशी की स्नायू इन्सुलिनचं ऐकेनासे झाले तरी ओव्हरी ऐकत राहते. जास्तीचं इन्सुलिन मिळालं की तिथल्या पेशी जास्त अँड्रोजन बनवतात. त्याच वेळी यकृत एक प्रथिन कमी बनवू लागतं. हे प्रथिन अँड्रोजनला धरून ठेवतं, ते कमी झालं की मोकळं अँड्रोजन वाढतं. जास्त अँड्रोजनमुळे बीजपिशव्या अडकतात आणि चरबी पोटाभोवती साठायला लागते. पोटाची चरबी पुन्हा इन्सुलिनला अडथळा आणते. म्हणून पीसीओएस हा फक्त 'बायकांच्या डॉक्टरांचा' आजार राहत नाही. याच साखळीत संरक्षण यंत्रणा येऊन मिसळते.

## मंद आचेवरचा दाह

पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात आणि रसायनं सोडून जंतूंचा बंदोबस्त करतात. याला दाह म्हणतात. तो आवश्यक असतो आणि काम झालं की थांबतो.

दाहाची एक सोपी रक्ततपासणी आहे, सीआरपी. हे प्रथिन यकृतात बनतं. कोविडच्या वेळी घरोघरी लोक त्याचे आकडे पाठ म्हणत होते. न्यूमोनियासारख्या मोठ्या संसर्गात ते लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या पुढे सहज जातं. निरोगी माणसात अनेकदा १ च्या आत असतं. २००१ साली ग्लासगोच्या संशोधकांनी पीसीओएस असलेल्या मोजक्या स्त्रियांत ते तपासलं. इतर स्त्रियांत सरासरी १ च्या खाली होतं, यांच्यात २ च्या थोडं वर. ना ताप, ना संसर्ग. कुठल्याही डॉक्टरने एरवी 'नॉर्मल' म्हणून बाजूला ठेवला असता असाच तो आकडा. पण फरक होता. पुढे अनेक देशांत तो पुन्हा पुन्हा दिसला, आणि २०११ साली सगळे अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर पीसीओएस असलेल्यांमध्ये सीआरपी सरासरी ९६ टक्क्यांनी जास्त आढळलं. जवळजवळ दुप्पट.

गॅसवर भांडं ठेवून सिमवर करावं आणि तसंच विसरून जावं, त्यातला हा प्रकार. उतू जात नाही, खदखदत नाही, स्वयंपाकघरात शिरणाऱ्याला काही जाणवतही नाही. पण तासाभराने भांडं बुडाला लागतं. डॉक्टर याला 'लो ग्रेड' दाह म्हणतात. आपण मंद दाह म्हणू. वर्षानुवर्षं चाललेल्या मंद दाहाने रक्तवाहिन्यांच्या अस्तराला त्रास होतो आणि पेशी इन्सुलिनला आणखी कमी दाद देतात. मधुमेह आणि हृदयविकाराकडे जाणाऱ्या वाटेवर हा सोबती असतोच.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. त्याच २०११ च्या पाहणीत दाहाच्या आणखी दोन प्रसिद्ध खुणा, आयएल-६ आणि टीएनएफ-अल्फा, यांत ठळक फरक आढळला नाही. म्हणजे चित्र पूर्णपणे एकजिनसी नाही. सगळ्या जणींत दाह सारखा असतो असंही नाही. 'पीसीओएस म्हणजे शरीरभर पेटलेली आग' असं जे रंगवून सांगितलं जातं, ते या आकड्यांत बसत नाही.

या विषयातला मला सर्वांत बोलका वाटणारा प्रयोग अमेरिकेतल्या फ्रँक गोन्झालेझ यांच्या गटाचा आहे. त्यांनी स्त्रियांना ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला दिलं. आपल्याकडे मधुमेहाच्या तपासणीला देतात तेच, पिताना मळमळतं ते. मग त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासल्या. पीसीओएस असलेल्यांच्या पेशींनी या साखरेला जणू काही अंगात शिरकाव झाल्यासारखा प्रतिसाद दिला. दाह पेटवणारी रसायनं वाढली. सडपातळ आणि निरोगी स्त्रियांत तसं झालं नाही. जेवणातल्या साखरेनेच ठिणगी पडत असेल, तर दिवसातून चार-पाच वेळा गोड चहा आणि सोबत बिस्किट म्हणजे काय, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

## 'हे सगळं वजनामुळेच असणार'

हा आक्षेप डॉक्टरांकडूनही येतो, नातेवाइकांकडून तर येतोच. 'आधी वजन कमी कर, मग बघू.' त्यात तथ्य आहे. चरबीच्या पेशी फुगल्या की त्यांच्याभोवती संरक्षक पेशी गोळा होतात आणि दाहाची रसायनं सोडतात. वजन जास्त असलेल्या कोणाचंही सीआरपी जास्त असतं, पीसीओएस असो वा नसो. शंका रास्त होती.

पण उत्तर तितकं सरळ नाही. वजन जुळवून तुलना केली, तरी सीआरपीतला फरक कमी होतो खरा, पुरता जात नाही. गोन्झालेझ यांच्या प्रयोगात पीसीओएस असलेल्या सडपातळ बायकाही होत्या आणि त्यांच्या पेशीही साखरेला तशाच भडकल्या. मुंबईतही परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी केली होती, २०१४ साली प्रसिद्ध झालेली. रॉटरडॅमच्या निकषांनी २२.५ टक्के मुलींना पीसीओएस निघाला आणि त्यांतल्या ७० टक्क्यांहून अधिक लठ्ठ नव्हत्या. 'तू तर बारीक आहेस, तुला कसला पीसीओडी' हे वाक्य या आकड्यापुढे टिकत नाही.

त्यातून आपल्याकडचं 'बारीक' हेही फसवं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचा तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काट्यावर सारखे, आतून वेगळे. भारतीयांत चरबी पोटाच्या आत, अवयवांभोवती साठण्याकडे कल असतो आणि दाहाच्या दृष्टीने तीच जास्त उपद्रवी. म्हणून वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेप कामाची. भारतीय स्त्रियांसाठी कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हावं, असा आपल्याकडचा निकष आहे.

## 'पण पुरुषी हार्मोन तर दाह कमी करतात ना?'

जीवशास्त्र वाचलेली एखादी हा प्रश्न विचारेल, आणि तो चांगला प्रश्न आहे. टेस्टोस्टेरॉन संरक्षण यंत्रणेला साधारणपणे आवर घालतं. शरीर स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करतं अशा, म्हणजे ऑटोइम्यून आजारांच्या रुग्णांत दर पाचांत चार स्त्रिया असतात. पुरुषांना टेस्टोस्टेरॉनचं थोडं संरक्षण मिळतं असं मानतात. मग ज्या बायकांत अँड्रोजन जास्त, त्यांच्यात हे आजार कमी दिसायला हवेत.

तसं दिसत नाही. एक संभाव्य कारण प्रोजेस्टेरॉनमध्ये आहे. बीज सुटल्यानंतर त्या रिकाम्या पिशवीतून हे हार्मोन तयार होतं. ते संरक्षण यंत्रणेला शांत करतं, आणि ते करावंच लागतं, कारण गर्भ राहिला तर बापाकडून आलेली अर्धी 'परकी' घडण शरीराला नऊ महिने चालवून घ्यायची असते. पीसीओएसमध्ये बीजच सुटत नाही, त्यामुळे महिनोन् महिने प्रोजेस्टेरॉन नाममात्र राहतं. इस्ट्रोजेन मात्र चालू असतं, आणि प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, बनवणाऱ्या पेशींना ते चेतवतं. एकीकडे अँड्रोजनचा आवर, दुसरीकडे प्रोजेस्टेरॉनची उणीव, आणि खाली मंद दाह, अशी ही ओढाताण आहे. हा सिद्धांत पटण्याजोगा आहे. शेवटचा शब्द अजून लागलेला नाही.

## थायरॉइड: जिथे पुरावा सगळ्यात भक्कम आहे

संरक्षण यंत्रणेच्या संदर्भात पीसीओएस असलेल्या बाईने एकच गोष्ट लक्षात ठेवायची म्हटलं, तर मी ही सांगेन.

थायरॉइड मंदावण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे शरीरानेच थायरॉइडविरुद्ध प्रतिपिंडं बनवणं. जर्मनीत २००४ साली पीसीओएस असलेल्या १७५ आणि नसलेल्या १६८ स्त्रियांची तुलना झाली. ही प्रतिपिंडं पहिल्या गटात २६.९ टक्के जणींत सापडली आणि दुसऱ्या गटात ८.३ टक्के जणींत. तिपटीहून जास्त. त्यानंतर वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत, भारतातल्याही, याच दिशेचे आकडे आले आहेत.

आपल्याकडे याला आणखी धार आहे, कारण थायरॉइड मंदावणं इथे आधीच खूप आढळतं. मुंबई आणि गोवा धरून देशातल्या आठ ठिकाणी झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के लोकांना हा त्रास होता. आणि लक्षणं बघा: पाळी मागेपुढे, केस गळणं, वजन वाढणं, दिवसभर मरगळ. यातलं किती पीसीओएसचं आणि किती थायरॉइडचं, हे चेहऱ्यावरून कोणालाच सांगता येणार नाही. पीसीओएसचं निदान करण्यापूर्वी टीएसएच ही थायरॉइडची तपासणी व्हायलाच हवी, ती मार्गदर्शिकेतच आहे. अडचण अशी की निदानाच्या वेळी ती एकदा होते आणि मग पाच-सात वर्षं कोणी नाव काढत नाही. मधल्या काळात वाढलेला थकवा आणि वजन पीसीओएसच्या खात्यावर जमा होत राहतं.

प्रतिपिंडं आहेत म्हणजे आजार झालाच, असं मात्र नाही. अनेक जणींत ती असतात आणि थायरॉइड आयुष्यभर बिनतक्रार चालतं. अशा वेळी वर्षाकाठी टीएसएच बघत राहायचं, एवढंच.

## म्हणजे पीसीओएस ऑटोइम्यून आजार आहे का?

नाही. ऑटोइम्यून आजारात शरीराच्या संरक्षक पेशी किंवा प्रतिपिंडं एखाद्या अवयवाची नासधूस करतात. पीसीओएसमध्ये ओव्हरीची अशी नासधूस होत नाही. उलट त्यात बीजपिशव्या सरासरीपेक्षा जास्तच असतात. सोबत ऑटोइम्यून थायरॉइड असण्याची शक्यता वाढते, एवढाच अर्थ घ्यायचा. ल्युपस किंवा संधिवात यांसारख्या इतर ऑटोइम्यून आजारांबाबत थायरॉइडइतका पक्का पुरावा नाही.

## संसर्ग जास्त होतात का?

ब्रिटनमध्ये कोविडच्या पहिल्या लाटेत फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी तपासल्या गेल्या. पीसीओएस असलेल्या २१,२९२ स्त्रिया आणि तुलनेला ७८,३१० इतर स्त्रिया. वजन, मधुमेह वगैरे बाबी हिशोबात धरल्यानंतरही पहिल्या गटात कोविड होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी जास्त निघालं.

२८ टक्के ऐकून दचकायला होतं. पण कच्चे आकडे बघितले तर वर्षाला हजार स्त्रियांमागे साधारण १८ विरुद्ध १२, असे होते. शिवाय आधीच दवाखान्यात येणंजाणं असलेल्या बाईचा आजार नोंदीत पकडला जाण्याची शक्यता जास्त असते. संशोधकांनी हा इशारा म्हणून मांडला होता. त्यावरून 'पीसीओएस असेल तर प्रतिकारशक्ती कमी' असा निष्कर्ष काढणं म्हणजे फार मोठी उडी झाली. साखर वाढलेली असेल तर संसर्गाचा धोका वाढतो, हे मात्र स्वतंत्रपणे सिद्ध आहे, आणि पीसीओएसमध्ये साखरेवर लक्ष ठेवण्याचं ते आणखी एक कारण.

## पोटातल्या जंतूंचं काय?

२०१९ साली चीनच्या संशोधकांनी दाखवलं की पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या आतड्यात एका विशिष्ट जातीचे जीवाणू जास्त होते. ते उंदरांना दिले तर उंदरांच्या ओव्हरीत तसेच बदल झाले आणि आतड्यातल्या संरक्षक पेशींचं आयएल-२२ नावाचं एक रसायन कमी झालं. ते रसायन बाहेरून दिल्यावर उंदीर सुधारले. सुंदर प्रयोग आहे. पण उंदरांवरचा आहे, आणि त्यावरून महागड्या प्रोबायोटिकच्या डब्या विकणाऱ्यांनी बरीच घाई केली. रोजच्या ताकाला माझी हरकत नाही, ते औषध म्हणून पिऊ नका इतकंच.

## गुळवेल, काढे आणि 'बूस्टर'

आता मूळ प्रश्नाकडे. जी यंत्रणा आधीच गरजेपेक्षा जास्त चालू आहे, तिला 'बूस्ट' करून काय साधणार?

यातला धोका नुसता कागदावरचा नाही. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा आणि गोळ्या घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याची सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. यकृतावर शरीराच्याच संरक्षण यंत्रणेने हल्ला करावा तसं चित्र त्यांत दिसत होतं. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. वनस्पती नेमकी कोणती होती याची खातरजमा झाली नव्हती, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक रुग्णालयांतून मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती आली आणि त्यांतही ऑटोइम्यून वळणाची इजा ठळक होती. गुळवेल घेतलेल्या लाखो लोकांना काही झालं नाही, हेही खरं. पण जिला थायरॉइडची प्रतिपिंडं आहेत, म्हणजे जिची यंत्रणा एकदा स्वतःच्या अवयवावर उलटलेली आहे, तिने हा प्रयोग स्वतःवर का करावा? काढा घ्यायचाच असेल तर तो कशाचा आहे हे डॉक्टरांना सांगून घ्यावा. लपवून घेऊ नये, जे आपल्याकडे फार चालतं.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी. शहरी भारतात त्याची कमतरता खूप आहे. कमी निघालं तर भरून काढावं. त्याने पीसीओएस बरा होत नाही.

## मग खरंच उपयोगाचं काय?

पहिलं उत्तर कंटाळवाणं आहे: व्यायाम. स्नायू काम करू लागले की इन्सुलिनची फारशी गरज न पडता साखर आत ओढतात, आणि नियमित व्यायामाने मंद दाहही उतरतो. वजनाचा काटा हलला नाही तरी हा फायदा होतो, हे अधोरेखित करायला हवं, कारण महिनाभर चालून किलोभरही कमी झालं नाही म्हणून बऱ्याच जणी सोडून देतात. आठवड्याला १५० मिनिटं भराभर चालणं आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम हे किमान. जिम हवीच असं नाही.

जेवणात 'पीसीओएस डाएट' नावाचं काही सिद्ध झालेलं नाही. कुठलाही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचा पुरावा मार्गदर्शिकेला सापडलेला नाही. त्यामुळे ग्लुटेन बंद, दूध बंद, भात बंद असे हुकूम ऐकून घरात भांडणं करू नयेत. उसळ, वरण, भाजी यांचं ताटातलं प्रमाण वाढवलं, साबुदाणा-पोहे-बिस्किट यांवर पोट भरणं कमी केलं आणि गोड पेयांना रजा दिली, तर साखरेची उसळी कमी होते. उपवासाच्या दिवशी साबुदाणा खिचडी, बटाटा आणि तीन कप चहा यावर काढलेला दिवस हा इन्सुलिनच्या दृष्टीने उपवास नव्हेच.

औषधांपैकी मेटफॉर्मिन इन्सुलिनचं ओझं कमी करतं. गर्भनिरोधक गोळ्या पाळी नियमित करतात आणि अँड्रोजन उतरवतात. पाळी महिनोन् महिने आलीच नाही, तर गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि पुढे तिथल्या कॅन्सरचा धोका वाढतो. तीन महिन्यांहून जास्त खंड पडला की दाखवायला हवं, लग्न झालेलं असो वा नसो, मूल हवं असो वा नको. 'लग्न झालं की आपोआप नीट होईल' हा सल्ला कोणी दिला, तर ऐकून सोडून द्यावा.

झोपेचाही इथे संबंध आहे. पीसीओएस असलेल्यांत झोपेत श्वास अडखळण्याचं प्रमाण जास्त असतं आणि त्यानेही दाह वाढतो. मोठ्याने घोरणं आणि सकाळी उठल्यावरही दमलेलं असणं, हे दोन्ही असेल तर डॉक्टरांना सांगावं. बायका घोरण्याबद्दल बोलत नाहीत, म्हणून ते कळतच नाही.

तपासण्यांत ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि टीएसएच या खऱ्या कामाच्या. उपाशीपोटीची साखर एकटी पुरत नाही, ती बराच काळ नॉर्मल राहू शकते. सीआरपी मुद्दाम करून घ्यायची गरज नाही. सर्दी झाली तरी ते बदलतं आणि त्यावरून उपचार ठरत नाहीत. 'इम्युनिटी प्रोफाइल' नावाने जी हजारो रुपयांची पॅकेजेस विकली जातात, त्यांचं पीसीओएसमध्ये काहीही काम नाही.

आणि ज्यांना मूल हवं आहे त्यांनी गर्भ राहण्याआधीच टीएसएच करून घ्यावं, घरात कोणाला थायरॉइड असेल किंवा आकडा जरा वर असेल तर प्रतिपिंडांचीही तपासणी विचारून घ्यावी. पहिल्या तीन महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉइडवर अवलंबून असतं. प्रतिपिंडं असलेल्या आईचं थायरॉइड तो वाढीव भार पेलताना कमी पडू शकतं, म्हणून अशा बाईचं टीएसएच गरोदरपणात पुन्हा पुन्हा बघावं लागतं. दिवस गेल्याचं कळून दवाखान्यात पोचेपर्यंत बऱ्याचदा सात-आठ आठवडे उलटलेले असतात, त्यामुळे ही तपासणी आधीच झालेली बरी.